हाकेला ओ

आमची दीक्षा हाकेला ओ देत नाही. इंजिनियर आहे, कंपनीची गाडी थेट विश्रांतवाडीत घ्यायला येते, सगळं खरं. पण हाक सासूने मारलेली असो की शेजारणीने, वाया जाते.

परवा रविवारी मी दळण घेऊन जिना चढत होते, तर शेजारची श्यामला आमच्या दारातून परत फिरलेली. म्हणाली, "हिराताई, सून बहिरी आहे का हो? तीनदा हाक मारली."

"बहिरी नाही," म्हटलं, "माणूस बघून ऐकते."

बाहेर आब राखला आणि घरात शिरले ती ठरवूनच. आज एक तर हिची नोकरी सुटेल, नाहीतर ते यंत्र घराबाहेर जाईल.

बुधवार पेठेतून एकेक भाग आणून माझ्या संजयने बायकोसाठी जोडलेला तो कॉम्प्युटर. त्याच्यापुढे ही दाराकडे पाठ करून बसलेली. पडदा पांढराफटक. मी दुसरी शिकलेली, पण मेलेलं मला कळतं.

"मेलंय ते. बंद करते," म्हणून बटणाकडे हात नेला, तर तिने माझं मनगटच धरलं. लग्न होऊन आल्यापासून असा हात धरला नव्हता तिने.

"आई, नका. जिवंत आहे."

"मग हलत का नाही?"

"कामात आहे."

"वा. तुझंच भावंड."

ती हसली नाही. डोळे भरलेले होते.

"रक्तपेढीचं सॉफ्टवेअर आहे हे, आई. पेशंटला जुळणारं रक्त कुठे आहे ते शोधतं. आत एकच माणूस आहे असं समजा. तोच शोधणार, तोच दारात ओ देणार. शोधायला बसला की दाराकडे कोण बघणार? पडदा गोठतो. तिथल्या कोंडीरामकाकांना वाटतं बंद पडलं. ते बटण दाबतात. शोध पुन्हा पहिल्यापासून. आणि तिकडे कुणाची तरी आई रक्तासाठी खोळंबलेली." तिने नाक पुसलं. "उद्यापर्यंत नीट झालं नाही तर हे काम माझ्याकडून काढून घेणार आहेत."

"दारात दुसरा ठेव मग."

"ठेवलाय. पण आतला मध्येच बाहेर येऊन पडद्यावर लिहायला जातो. झटापट होते, सगळंच कोसळतं. आतल्याने नुसता निरोप द्यायचा, पडद्याला हात बाहेरच्यानेच लावायचा. हेच शिकवतेय सकाळपासून."

"एका ओट्यावर दोन बायका," मी म्हटलं. "मला सांगतेस होय?"

तरी तिथेच बसले. दळणाचा डबा मांडीवरच राहिला. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा ती म्हणाली, "आई, हा माउस धरा. ही चौकट ओढा."

ओढली. चौकट माझ्या हाताबरोबर सरकली, पाण्यावर पान सरकावं तशी. खाली निळी पट्टी पुढे पुढे भरत होती.

"आत शोधतोय?"

"शोधतोय."

चौकट डावीकडे नेली, उजवीकडे नेली. आतल्याचं काम कुठे अडलं नाही. ज्याला तोंड नाही, कान नाहीत, त्याला माझ्या सुनेने ओ द्यायला शिकवलं होतं. उद्या कोंडीरामचा हात बटणाकडे जाणार नव्हता.

"अजून एकदा सगळं तपासते," असं म्हणून ती पुन्हा त्यात बुडाली. तेवढ्यात दारात श्यामला. "दीक्षा, अगं ए दीक्षा!"

या वेळी तिने ऐकलं. माझ्याकडे बघत, घाबरून, ती अर्धी उठली. मी खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"बस. तू आतली. ओ मी देईन."