दूरहस्तनाथांचा अदृश्य हात

आमच्या रहिमतपूरच्या दूध संघाच्या कचेरीत एवढी गर्दी मी दिवाळीच्या बोनसालाही पाहिली नव्हती. खिडकीच्या गजांना माणसं लटकली होती, दारात बायका आरतीची ताटं सावरून बसल्या होत्या, आणि सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे लागले होते. माऊस बाजूला पाटावर ठेवला होता, त्याच्यावर गुलाल होता आणि त्याला कोणाचा हात लागलेला नव्हता. तरी पडद्यावरचा पांढरा बाण आपला आपण फिरत होता. फिरता फिरता तो थांबला, एक खिडकी उघडली आणि कोऱ्या पानावर एकेक अक्षर उमटू लागलं.

अक्षरं इंग्रजी असली तरी भाषा मराठी होती. ती वाचण्याचा मान चेअरमन लालासाहेबांचा. फौजेत उमेदवारीपासून सुभेदारीपर्यंत त्यांनी रोमन लिपीतली हिंदी वाचली होती, त्यामुळे देवाची ही लिपी त्यांना सवयीची होती. त्यांनी परेडच्या आवाजात वाचलं, "कल्याण हो!" गर्दीनं हात जोडले आणि कोणीतरी नारळ फोडला. पाणी की-बोर्डवर उडालं, ते तीर्थ म्हणून पुसून घेतलं गेलं.

हा चमत्कार घडवणारे श्री दूरहस्तनाथ महाराज पलीकडे वाघाच्या कातड्याचं चित्र छापलेल्या चादरीवर डोळे मिटून बसले होते. सांगलीहून आलेली ही मूर्ती. "देह हे हार्डवेअर. आज आहे, उद्या भंगारात," असं ते सांगत. "आत्म्याला केबल लागत नाही, भक्ताला पासवर्ड लागत नाही. माझा देह रहिमतपुरात असला तरी माझा हात सांगलीत आहे." यातलं शेवटचं वाक्य अक्षरशः खरं होतं, हे पुढे कळलं. मोठे लोक कधीकधी चुकून खरं बोलतात.

मी सुमंत, संघाचा जनावरांचा डॉक्टर. मूळचा साताऱ्याचा. गाय, म्हैस आणि संचालक मंडळ यांच्या सहवासात माझी उमेदीची वर्षं गेलेली. पैकी पहिल्या दोघींचं दुखणं मला समजतं.

प्रकरण साधं होतं. संघाचा एक कॉम्प्युटर रहिमतपूरला, एक मेढ्याला, एक शिराळ्याला. दुधाचा सगळा हिशेब त्यांच्यात. मेढ्याचं यंत्र अडलं की आमची ऑपरेटर संयोगिता एस्टीनं मेढा गाठायची, तोवर शिराळ्याचं अडायचं. म्हणून इथे बसून टेलिफोनवरून तिकडची यंत्रं चालवता येतील असं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. संयोगितानं दोन-तीन प्रकार वापरून एक निवडलं. ते आधी पासवर्ड विचारायचं, मग फोन तोडून आपल्याला माहीत असलेल्याच नंबरवर उलटा फोन लावायचं, आणि आत कोण कधी आलं ते लिहून ठेवायचं. तिनं मेढ्यात बसून इथल्या पडद्यावरचा बाण हलवूनही दाखवला. तेव्हा संचालकांनी जांभया दिल्या. आपल्याच घरात शिरायला एवढे सोपस्कार कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मग लालासाहेबांच्या कोणा पाहुण्यांनी या महाराजांना आणलं. त्यांनी विभूती लावलेली फ्लॉपी यंत्रात घालून 'अभिषेक' केला. टेलिफोनची तार ज्या छोट्या पेटीत जाते त्या पेटीला लाल दोरा गुंडाळला आणि बजावलं, की दोरा तुटला तर संघाची जनावरं उभ्या जागी पडतील. दुसऱ्या दिवसापासून पेटी किंचाळायची आणि बाण हलायचा. खरं तर पेटी पहिल्यापासूनच किंचाळत होती, मेढ्याचा फोन आला तरी किंचाळायची. पण आता गावानं तो देवीचा हुंकार ठरवला. पेटीला हळदकुंकू लागलं. एका म्हातारीच्या अंगात तर पेटीच्या सुरात यायला लागलं, आणि फोन कटला की ती मध्येच थांबायची.

इथवर मी हसत होतो. हसू थांबलं ते संयोगितामुळे. ती कामाला बसली की बाण तिच्या हातातून निसटायचा, लिहिलेलं पुसलं जायचं, मध्येच 'अपवित्र' असा शब्द उमटायचा. महाराज म्हणाले, या बाईच्या हातात दोष आहे, तिच्या जागी माझा पुतण्या नाथाजी बसवा आणि तिन्ही गावची यंत्रं माझ्या हाताखाली द्या. संचालकांनी तिच्या हातांवरून लिंबू उतरवलं, हात गोमूत्रात बुडवून पाहिले, तळवे भिंगातून तपासले. ती बिचारी सांगत होती, की फोनवरून आत कोणीतरी येतंय. "बगा, आत कोनतरी येतंय असं तीच म्हनती," म्हणून तेच तिच्या बाधेचा पुरावा ठरलं. मेढ्याहून मीही असाच बाण हलवला होता, असं तिनं सांगितलं, तर उत्तर मिळालं, "तू पासवर्ड टाकलावतास. म्हाराजांनी न्हाई टाकला."

तिचा नवरा फौजेत, सरहद्दीवर. घर तिच्या पगारावर चाललेलं. सासू बनुबाई आजवर सुनेचं कौतुक करायची, तिनंही आता सुनेच्या हातचं पाणी बंद केलं होतं. आजच्या गर्दीचं कारण हेच होतं. देव स्वतः दोषी व्यक्तीचं नाव लिहिणार, मग त्या व्यक्तीनं यंत्रापुढे नाक घासायचं, गुन्हा कबूल करायचा आणि नोकरी सोडायची. संयोगिता कोपऱ्यात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता संताप होता. मलाही संताप आला होता, आणि माझ्या संतापाला एक गाभण गाय जबाबदार होती.

आदल्या दिवशी दादासो या शेतकऱ्याची गाय अडली होती. त्यानं मला बोलवायला कचेरीत फोन केला, तर कानात किंकाळी. माणसानं रिसीव्हर टाकून चक्क नमस्कार केला. पुन्हा लावला, तर लाइन एंगेज. शेवटी सायकल हाणत आला, तेव्हा इथे महाराजांचा दरबार रंगात होता. वासरू वाचलं, पण परत येताना मी विचार करत आलो. देव येतो तेव्हाच फोन अडकलेला असतो. शिवाय हा देव बहिरा होता. "देव कानांनी ऐकत नाही," असं महाराजांनीच सांगितलं होतं, प्रत्येकानं आपला प्रश्न पडद्यावर टंकायचा. बिचारे शेतकरी एका बोटानं अक्षर शोधत अर्धा अर्धा तास घालवत. म्हणजे या देवाला पडदा दिसतो आणि खोली दिसत नाही. मी हे संयोगिताला बोललो, तर ती म्हणाली, "आवं डॉक्टर, त्येच तर मी बोंबलून सांगतीया. पर दोऱ्याला हात लावायची बंदी हाय." मग आम्ही दोघांनी ठरवलं, की दोऱ्याला हात न लावता देवालाच बोलतं करायचं.

दोषी कोण हा प्रश्न टंकायला कोण येतंय असं लालासाहेबांनी विचारताच मी पुढे झालो. डॉक्टरही भक्त झाला म्हणून गर्दी खूश झाली. पडदा माझ्या पाठीनं झाकून मी टंकलं: महाराज कोसळले. तोंडाला फेस आलाय. डोळे पांढरे झालेत. काय करू?

महाराज चादरीवर सुखानं डोलत होते. त्यांचं रसरशीत तोंड मंत्र पुटपुटत होतं. बाण मात्र जागच्या जागी थरथरला. मग अक्षरं भराभर उमटली, आणि मी बाजूला झालो. देवाचं उत्तर वाचणं हे लालासाहेबांचं काम. त्यांनी ठणठणीत आवाजात सुरुवात केली.

"काकांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात गोळी हाय. जिभेखाली ठेवा." ते अडखळले, तरी फौजी माणूस, समोरचा हुकूम पुरता वाचल्याशिवाय थांबेना. "पानी पाजू नका. काकूला कळवू नका."

महाराजांनी एक डोळा उघडला. एका भाबड्या भक्तानं त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, तर खरंच गोळ्यांचं पाकीट निघालं. "देवाला सगळं ठावं असतंय," असं तो भारावून म्हणाला. अशा भक्तांपुढे आपण हात टेकतो. मी घाईनं पुढचं टंकलं: गोळीनं फरक नाही. तुम्ही कुठे आहात? उत्तर लगेच आलं: सांगलीत, दुकानात. लाइन तोडून फोन करतो. फोन उचला.

"हा मायेचा खेळ आहे, कोणी हात लावू नका," महाराज ओरडले. पण तोवर संयोगिता पुढे झाली होती. तिनं लाल दोरा पकडला आणि तोडला. पेटीतून तार उपसून काढून टेलिफोनला जोडली. सगळी गर्दी एकदम खिडकीकडे वळली. बाहेर म्हाताऱ्या धुळाची म्हैस उभी होती. रवंथ करत होती. तिनं शेपटीनं एक माशी उडवली आणि पुन्हा रवंथ सुरू केलं.

मग फोन वाजला. तो किंचाळला नाही, साध्या फोनसारखा वाजला. लालासाहेबांनी तो उचलला. पलीकडून घाबरलेला आवाज शेजारच्यांनाही ऐकू आला. "हॅलो, मी नाथाजी. काका शुद्धीवर आलं का?"

लालासाहेबांनी काकांकडे पाहिलं. "आलं," ते म्हणाले. "आमी पन आलो."

पुढचं संयोगितानंच सगळ्यांना समजावलं. विभूतीच्या फ्लॉपीत तसलंच सॉफ्टवेअर होतं, फक्त पासवर्डाशिवाय, दार सताड उघडं ठेवणारं. नाथाजी सांगलीहून फोन लावायचा, पेटी आपोआप तो उचलायची, तीच ती किंकाळी. मग त्याला इथला पडदा तिथे दिसायचा आणि त्याचा माऊस इथला बाण हलवायचा. तिच्या कामात लुडबूड करणाराही तोच. धुळानं विचारलं, मग बयेनं मेढ्यासनं केलं ते आन् ह्ये एकच का? तिनं एकच म्हणून सांगितलं. "मंग तवा आमी हात का जोडलं न्हाईत?" असा त्याचा पुढचा प्रश्न होता. त्यावर सगळे जोडे शोधायला लागले. महाराजांचे मात्र कोणीतरी लपवले होते, त्यामुळे ते सांगलीच्या एस्टीकडे अनवाणी गेले.

संध्याकाळी संचालक मंडळ बसलं. तिनं निवडलेलं सॉफ्टवेअर एकमतानं मंजूर झालं. ज्याच्या हातात आपल्या यंत्राचं दार द्यायचं त्याला आधी नाव विचारावं, परक्या फोनवर भरवसा ठेवू नये, आत कोण आलं याची नोंद राहावी आणि मनात आलं की तार काढता यावी, या तिच्या चारही अटी लालासाहेबांनी मान डोलावून मानल्या. वर मोठ्या मनानं म्हणाले, "झालं गेलं इसर, पोरी. मंडळ तुजी माफी मागतंय."

बनुबाई दारात उभी होती. खाली बघत होती.

"माफी नगं," संयोगिता म्हणाली. "येक सांगा. माजं हात तुमी लिंबानं तपासलं, मुतात बुडवून तपासलं, भिंगातनं तपासलं. त्या बाबाची फ्लॉपी येकदा तरी का न्हाई तपासली?"

बनुबाई आत आली, टेबलावरचा तांब्या उचलून तिनं सुनेच्या हातात दिला आणि तिच्याकडून पाणी मागून प्याली. लालासाहेबांनी सभा संपल्याचं जाहीर केलं.

वाचकहो, तपासणं हे पाप नाही. पण आपण गरिबाला, बाईला, आपल्या हाताखालच्याला तपासतो, आणि ज्याच्यापुढे वाकतो त्याला मोकळा सोडतो. नेमकं उलटं करायला शिका. संयोगिताच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या मंडळानं अजून दिलेलं नाही. तुमच्या गावात पुढचा बाबा येण्याआधी तुम्ही तरी ते देऊन ठेवा.