जठर नसलेल्या आईची वाडी

आनंदीमावशी बहिणीच्या बाराव्याला पेडण्याहून शिरगावला आली ती चणाडाळीच्या गोड मणगण्याचा डबा घेऊनच. पण स्वयंपाकघरात शिरताच तिने तो ओट्यावर आदळला.

"तुझ्या आईला दाखवायचं वाडीचं पान तूच वाढ गो, विनू. जितेपणी माझ्या हातचं तिला चाललं नाही, आता काय खाणार?"

आदोळीवर नारळ खवणारी विनोदिनी थांबली.

"दीड वर्ष! दर खेपेला मी डबा आणायचा, आणि हिने एक चमचा खाऊन वाटी सरकवायची. आमच्या शंभूच्या लग्नात मी दोन शब्द टाकून बोलले, ते मरेपर्यंत धरून बसली."

खरं काय ते विनोदिनीला ठाऊक होतं. पण आईने बजावलं होतं, "आनंदीला मुळीच सांगू नको. ती रडत बसेल, मग मी भांडू कुणाशी?" आई गेल्यावरही बारा दिवस तिने तो शब्द पाळला होता. आता मात्र तिने हात धुतले आणि कपाटातून हॉस्पिटलचा कागद आणला.

"मावशी, दीड वर्षापूर्वीचं ते ऑपरेशन पथरीचं नव्हतं. आईचं जठर काढलं होतं. पूर्ण."

"जठर? पुराणात जठराग्नी ऐकलाय. म्हणजे पोटच ना? पोट काढून माणूस जगतो कसा?"

"पोट म्हणजे सगळंच आलं; आतडी, यकृत, काय काय. जठर म्हणजे त्यातली घास जाऊन पडायची पिशवी. तिथे कॅन्सरची गाठ होती. पिशवी काढून डॉक्टरांनी अन्ननलिका थेट आतड्याला जोडली. अन्न साठवायला जागाच राहिली नाही. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं खायचं. गोड खाल्लं की घाम फुटायचा, तासभर पडून राहायची."

"मग माझं मणगणं?"

"तेवढं एक चमचा खायची. दुसऱ्या कुणाचं गोड तोंडातसुद्धा घातलं नाही."

मावशीने ओट्यावरचा डबा जवळ ओढला. "आणि मी साऱ्या पेडण्यात सांगत फिरले, बहीण नखरे करते म्हणून."

तिने पदर खोचला. केळीच्या पानावर भात, वरण, भाज्यांचं खतखतं वाढलं. मणगण्यासाठी उचललेला डाव मात्र तिने परत ठेवला.

"चमचा दे. लहानसा."

पानाच्या कडेने तिने सहा ठिकाणी एकेक चमचा मणगणं घातलं, प्रत्येकात अंतर ठेवून.

"सावकाश खा गो, हट्टी," ती पानाला म्हणाली, आणि मगच रडली.