इंजिनावर पाइप नको

सुंदररावांचा गडी बंकट खांद्यावर पाइपाचं वेटोळं घेऊन अंगणात शिरला, तेव्हा वनमाला जीपचं बॉनेट उघडून उभी होती. खंडेनवमीचा दिवस होता. वस्तीवरचे ट्रॅक्टर, मोटारसायकली, कोयते, कुऱ्हाडी सगळं घासूनपुसून पूजेला मांडायचं होतं, आणि दर सालासारखी वनमालाची जीपही थोरल्या दिरांच्या, म्हणजे सुंदररावांच्या शेतावर जायची होती.

"आक्का, मालकांनी गाडी बोलावलीय," बंकट म्हणाला. "न्हाईतर म्हणले, पाइप तिथंच नेऊन जोड. बोअर चालू हाय."

"पाइप परत ने, बंकट."

"कावून?"

"औंदा गाडी माझ्या अंगणात धुवायची. पूजाबी हितंच."

धुण्याचं बंकटला कळलं. पूजेचं ऐकून त्यानं तिच्या मोकळ्या कपाळाकडं एकदा पाहिलं, नजर खाली घातली आणि वेटोळं सावरत आल्या वाटेनं निघून गेला.

नवरा, त्रिंबक, गेल्यापासून जीप वनमालाच चालवत होती. ती वस्तीवरची अंगणवाडी सेविका. एसटी काही वस्तीपर्यंत येत नाही, म्हणून अंगणवाडी उघडायच्या आधी मोठ्या पोरींना शिरूरच्या शाळेत सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हे काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. उन्हाळा असो, चिखल असो, स्टिअरिंगवर तिचाच हात. पण खंडेनवमीला मात्र तो हात हळदीकुंकवाला चालायचा नाही. गाडी दिरांच्या मळ्यात जायची, गडी बॉनेट उघडून मोटारीच्या पाइपानं आत धो धो पाणी सोडायचे आणि सुंदरराव इंजिनाला हळदीकुंकवाचे पाच पट्टे ओढायचे.

गेल्या साली त्या धुण्यानंतर गाडी चालूच झाली नाही. पोरींची शाळा बुडाली, परीक्षाही हुकली. सुंदररावांनी पारावर बसून निकाल देऊन टाकला, "गाडी म्हंजे काय चूल हाय का? बाईमाणसाला पेलत न्हाई ती."

ते बोलणं वनमालानं गिळलं होतं. पण औंदा गोष्ट वेगळी होती. वस्तीवरचा सटवा आणि त्याची बायको दसरा झाला की ऊसतोडीला निघणार होते. त्यांची स्वप्ना आठवीत. परवाच सटवा येऊन स्पष्ट बोलून गेला होता, "आक्का, गाडी भरवशाची असंल तर पोरीला म्हातारीपाशी ठेवतो. गेल्या सालासारखी बंद पडली तर मला कारखान्यावरून येता येणार न्हाई. घरी बसून काय करंल ती? मग संगंच नेतो."

संगं नेतो म्हणजे काय, ते वनमालाला माहीत होतं. पाचट अंथरलेल्या कोपीत, फडाजवळच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळायचं, भाकरी थापायच्या आणि आईबाप फडातून येईपर्यंत वाट बघायची. वर्ष गेलं की शाळेचा धागा तुटतो. एकदा तुटलेला धागा पुन्हा जोडलेला तिनं फार थोड्या पोरींच्या बाबतीत पाहिला होता.

म्हणून गाडी नुसती चालू होऊन भागणार नव्हतं. ती कुणी आणि कशी धुतली हेही वस्तीनं बघायला हवं होतं.

"बाई, पाणी आणू?" स्वप्नानं विचारलं. ती सकाळपासूनच येऊन बसली होती. आपलं काय ठरतंय हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"पाणी शेवटी. आधी हात लावून बघ. गरम हाय?"

स्वप्नानं भीत भीत इंजिनाला बोट लावलं. "गार हाय."

"रात्रीपासून उभी हाय म्हणून. तापल्या तव्यावर पाणी मारलं तर काय व्हतं?"

"चर्र व्हतं. आजीचा बिडाचा तवा तसाच तडकला."

"हे पण बिडाचंच हाय, पोरी. गरम असताना पाणी मारायचं न्हाई."

मग तिनं पान्यानं बॅटरीचं वजाचं टोक सोडवून बाजूला केलं आणि त्यावर फडकं गुंडाळलं. ओल्या हातानं काम करायचं तर आधी वीज तोडायची, एवढं घरातला दिवा बदलतानाही माणूस पाळतो. नंतर दोघींनी कोरडी सफाई सुरू केली. रंगाच्या ब्रशानं धूळ झाडली. बॅटरीमागच्या कोपऱ्यातून स्वप्नानं ओंजळभर कापूस आणि बाजरीचं सरमाड ओढून काढलं.

"उंदरानं बाळंतपण केलंय हितं," ती हसली.

"हसू नको. त्याच्या शेजारून धुराडं जातंय बघ. घाटात गाडी तापली असती तर ह्या गादीनं पेट घेतला असता. अन् वरून हे तेल माखलेलं."

तेल कुठून तरी पाझरत होतं. शिरूरचा मेकॅनिक बिभीषण म्हणाला होता की सगळं काळं पडल्यावर गळती दिसत नाही, एकदा स्वच्छ करून आणा. आणखी एक गोष्ट तो गेल्या सालीच सांगून गेला होता. कपलरमधलं पाणी झटकता झटकता तो म्हणाला होता, "आक्का, पाण्यानं इंजिन मरत न्हाई. पाण्याच्या जोरानं मरतं."

कपलर म्हणजे दोन तारा जिथं एकमेकींत अडकतात तो प्लास्टिकचा सांधा. डाव्या दिव्याचा कपलर वनमालानं आज उघडला, कारण गेल्या सालापासून तो दिवा मनात आलं तरच लागायचा. आत पिवळा-लाल खडा बसला होता. तिनं काडीनं तो टोकरला. हळदकुंकू. आदल्या पूजेच्या पट्ट्यांचं, धुण्याच्या पाण्याच्या जोरानं आत घुसलेलं, चिखल होऊन वाळलेलं. खालच्या पितळेला हिरवा गंज चढला होता.

वनमालानं तो खडा बाहेर काढला. मग तिनं तो पदराला न पुसता बॉनेटच्या काठावर, दिसेल असा ठेवला.

कपलर साफ करून तिनं पुन्हा बसवला. पोषण आहाराच्या रिकाम्या पाकिटांच्या पिशव्या तिनं जमवून ठेवल्या होत्या. फ्यूज बॉक्सला, वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरला, हवा ओढायच्या तोंडाला, उघड्या कपलरांना एकेक पिशवी बांधली. प्रत्येक गाठीत जुन्या लुगड्याची लाल चिंधी अडकवली.

"चिंधी कशाला?" स्वप्नानं विचारलं.

"पिशवी आतच राहिली अन् गाडी चालू केली तर तिला श्वास घेता यायचा न्हाई. झाकलेलं विसरतं माणूस. लाल दिसलं की आठवतं."

पाण्यासाठी फवारणीचा पाठीवरचा पंप होता. तो निंबोळी अर्काचा, भाजीवर मारायचा. तणनाशक त्यात कधी भरलेलं नव्हतं. तरी तिनं तो दोनदा विसळून घेतला होता. नोझल फिरवून धुक्यासारखा फवारा करता येतो आणि टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या वस्तीत पाणीही थोडक्यात भागतं. आधी साबणाचं पाणी मारलं, ते मुरू दिलं, ब्रशानं घासलं. मग साधं पाणी, वरून खाली, हळू, पिशव्या चुकवत. काळा ओघळ माती भरलेल्या घमेल्यात उतरत होता.

एवढ्यात सुंदरराव आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, मागं बंकट, आणि बंकटच्या हातात पूजेचं ताट. त्यांच्या मागोमाग सटवाही आला आणि कुंपणापाशी थांबला. आजूबाजूची आणखी चार माणसं जमली.

"वनमाला, हे काय चाललंय?"

"गाडी धुतेय, भावजी."

"फवारणीच्या पंपानं? मावा पडलाय का गाडीवर?" माणसं हसली. सुंदररावांना बळ आलं. "त्यापेक्षा बंकटला सांग की. एका झपक्यात साफ व्हतंय."

"गेल्या साली एका झपक्यात बंद पण पडली."

"ते तुझ्या चालवण्यानं."

वनमालानं बॉनेटच्या काठावरचा खडा उचलून त्यांच्यापुढं धरला. "हे डाव्या दिव्याच्या सांध्यातून निघालं. मी काही इंजिनाला हळदकुंकू लावत न्हाई. मला लावूच देत न्हाईत तुमी."

सुंदररावांनी खड्याकडं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"बरं, ते राहू दे. मुहूर्त टळायला लागलाय. चालू कर गाडी, मळ्यावर नेऊन पूजा उरकतो. चालू न्हाई झाली तर चावी माझ्याकडं दे. ड्रायव्हर ठेवतो मी."

"चावी पैजेला लावायची असंल तर आपली लावावी, भावजी. ही माझी हाय."

"म्हंजे चालू करत न्हाईस?"

"करते. वाळल्यावर."

"वाळल्यावर? मुहूर्त काय तुझ्यासाठी थांबतोय?"

"मग जाऊ द्या त्याला."

सुंदरराव सटवाकडं वळले. "बघ रे सटवा. ह्या गाडीच्या भरवशावर पोरगी ठेवणार तू? गाडी चालू करायलाच भिती ती."

सटवानं पाय बदलला. त्याची नजर स्वप्नावरून जीपवर आणि जीपवरून पुन्हा स्वप्नावर गेली. वनमालाला ती नजर दिसली. आत्ता किल्ली फिरवली तर कदाचित गाडी चालूही होईल, सगळ्यांची तोंडं बंद होतील, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. किल्ली कमरेलाच होती. पण कपलरच्या खाचेत अजून थेंब चमकत होता. लोकांच्या घाईनं आपण चुकलो तर ती चूक लोकांची होत नाही, आपली होते, हे ती अंगणवाडीतल्या लेकरांना रोज शिकवत होती. अर्धं गिरवलेलं अक्षर कुणी हसलं म्हणून सोडून द्यायचं नसतं.

"स्वप्ना, सायकलचा पंप आण," ती म्हणाली.

हवा भरायच्या पंपाचं तोंड एकेका सांध्याशी धरून स्वप्ना दांडा दाबू लागली. थेंब उडून जात होते. वनमाला सुती धोतराच्या फडक्यानं कानाकोपरा टिपत होती. ऊन इंजिनात उतरलं होतं. हसायला जमलेली माणसं आता वाकून बघायला लागली होती. एकानं विचारलंही, "आक्का, आमच्या ट्रॅक्टरलाबी असंच करायचं का?"

"असंच. फक्त घाई करायची न्हाई."

सुंदररावांनी ताट बंकटच्या हातून हिसकून पुन्हा बंकटलाच दिलं. "मुहूर्त गेला," ते म्हणाले.

"गेला," वनमाला म्हणाली.

मग तिनं एकेक पिशवी सोडवली. चिंध्या स्वप्नाच्या मनगटावर जमा होत गेल्या. दोघींनी पुन्हा एकदा आत वाकून लाल काही राहिलं का ते पाहिलं. बॅटरीचं टोक बसवून आवळलं. स्वच्छ झालेल्या झाकणाच्या कडेला तेलाची एक बारीक, ताजी रेघ दिसली. वनमालानं ती स्वप्नाला दाखवली. "ही गळती. बिभीषणला आता शोधत बसावं लागणार न्हाई."

ती गाडीत चढली. किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला आणि थांबला. सुंदररावांच्या ओठाचा कोपरा हलला. वनमालानं तिकडं पाहिलं नाही. डिझेल इंजिनाला आधी जरा ऊब द्यावी लागते. गडबडीत ते राहून गेलं होतं. तिनं किल्ली अर्ध्यावर धरली, समोरचा पिवळा दिवा विझू दिला आणि मग पूर्ण फिरवली.

इंजिन एकदा खोकलं आणि धडधडू लागलं. तिनं ते तसंच चालू ठेवलं. डावा दिवा लावून बघितला, तोही लागला.

खाली उतरून ती बंकटपाशी गेली आणि त्याच्या हातातल्या ताटातली कुंकवाची कोयरी उचलली.

"वनमाला," सुंदररावांचा आवाज आता हळू होता, म्हणून जास्त धारदार. "तुझ्या हातची पूजा ह्या गाडीला चालत न्हाई. लोक बघायलेत."

"बघू द्या. माझ्या हातचं डिझेल चालतं तिला, माझ्या हातचं ऑईल चालतं. ह्यांच्या पोरी माझ्या हाताखाली घाट उतरतात, ते चालतं. तेवढं कुंकूच कावून चालत न्हाई?"

तिनं कुंकवाचं बोट पुढच्या बंपरला लावलं. इंजिनाला नाही. ताटातला नारळ चाकापुढं दगडावर फोडला, पाणी मातीत जाऊ दिलं आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा स्वप्नाच्या हातावर ठेवला.

"आता कुणाची पोर बसती ह्या गाडीत ते बघतो मी," सुंदरराव म्हणाले.

इंजिनाचा आवाज तेवढा चालू होता. वनमालानं कुणाकडं पाहिलं नाही. सांगण्यासारखं होतं ते तिचं सांगून झालं होतं, आणि आता मागायचं तर तिला काहीच नव्हतं.

सटवा कुंपणापासून निघाला. सुंदररावांच्या अंगावरून पुढं गेला, जीपचं मागचं दार उघडून त्यानं सीटवरची धूळ तळहातानं झटकली.

"स्वप्ने, बस."

"दादा, आज सुट्टी हाय शाळेला."

"ठावं हाय मला. शिरूरपर्यंत जाऊन येऊ. बिभीषणला ती गळती दाखवायची न्हवं, आक्का?" मग तो स्वतःच वर चढला आणि पोरीशेजारी बसला. "आईला सांगतो मी. तुझं अंथरूण बांधू नको म्हणून."

वनमालानं बॉनेट खाली ओढलं, हातानं दाबून बसलं का ते पाहिलं आणि सुंदररावांना म्हणाली, "भावजी, जरा बाजूला व्हा. गाडी काढायची हाय."