शेवटची तफावत

मीनाक्षीने कागद पालथा ठेवला तेव्हाच दिनकर सबनीसांना काहीतरी कळायला हवं होतं. दोन वर्षांत तिने त्यांच्या टेबलावर एकही कागद पालथा ठेवला नव्हता. ती यायची, फाईल उघडून नेमक्या ओळीवर बोट ठेवायची आणि म्हणायची, "सर, या माणसाला एका यादीत तीन मुली आहेत, दुसऱ्या यादीत दोन." मग दोघं मिळून तिसऱ्या मुलीच्या मागे लागायची.

"हे एकच राहिलंय, सर," ती म्हणाली. "बिल्कुल शेवटचं. मी बाहेर बसते."

ती दार लोटून गेली. दिनकररावांनी चष्मा पुसला आणि कागद सुलटा केला.

डाव्या बाजूला आस्थापना विभागातली नोंद होती. कर्मचारी दिनकर वामन सबनीस. पत्नी कुमुद. मुलगी वृंदा, विवाहामुळे नाव कमी केले. उजव्या बाजूला आरोग्य कार्डाची नोंद होती आणि तीही अक्षरशः तशीच होती, फक्त एक ओळ जास्त होती. श्याम दिनकर सबनीस. मुलगा. वय २९.

त्यांनी तो आकडा पुन्हा वाचला. श्याम गेला तेव्हा पाच वर्षांचा होता. यंत्राला ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून बिचारं दर वाढदिवसाला इमानेइतबारे एकेक वर्ष मिळवत राहिलं होतं.

खात्याची पाच कार्यालयं, पाचांचे पाच वेगळे संगणक, आणि पाचांची आपापसात बोलचाल नाही, अशी परिस्थिती कित्येक वर्षं होती. एका कार्यालयाने निवृत्त केलेला माणूस दुसऱ्याच्या लेखी नोकरीतच असे. बदली होऊन नागपूरला गेलेला कारकून ग्रंथालयाच्या यादीत अजून दिल्लीतच पुस्तकं वाचत असे. ही पाच घरं एका छपराखाली आणायचं काम दोन वर्षांपूर्वी दिनकररावांच्या गळ्यात पडलं. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला असली कामं देतात ती तो अर्धवट टाकून जाईल या खात्रीनेच. पण सबनीस चिवट निघाले. चार हजारांवर तफावती त्यांनी एकेक करून निकालात काढल्या. वरिष्ठ म्हणाले, थोडं इकडेतिकडे झालं तर चालतंय. सबनीस म्हणाले, चालत नाही. सोमवारी सकाळी नवी प्रणाली सुरू व्हायची होती, आज शुक्रवार होता, आणि सगळ्या खात्यात आता एकच माणूस दोन ठिकाणी दोन तऱ्हेचा होता.

नाव कमी करायचा फॉर्मही त्यांनीच तयार केला होता. त्यात चार कारणं होती: विवाह, नोकरी, वयोमर्यादा, मृत्यू. पाचवं कारण 'इतर' असावं असं बैठकीत सगळ्यांचं म्हणणं पडलं होतं. दिनकररावांनी ते हाणून पाडलं. लोक नको ते सगळं 'इतर'मध्ये कोंबतात, ते म्हणाले होते, काय झालं ते नीट लिहायला माणसाला लाज का वाटावी? खाली दोन सह्या लागत, कर्मचाऱ्याची आणि पत्नीची.

मीनाक्षीने जुन्या कार्डांच्या नकला मागे टाचून दिल्या होत्या. दर तीन वर्षांनी कार्ड नवं व्हायचं. 'वरील नावे बरोबर आहेत' असं छापलेलं, आणि त्याखाली प्रत्येक वेळी तीच गोलसर सही: कुमुद सबनीस. चोवीस वर्षांत आठ सह्या. कार्ड आणणं, दवाखान्याच्या रांगेत उभं राहणं हे पहिल्यापासून तिचं काम होतं. दिनकररावांनी ते कार्ड कधी उघडूनही पाहिलं नव्हतं.

इतकी वर्षं ती हे एकटी करत होती, आणि आपल्याला पत्ता नाही. त्यांनी कोरा फॉर्म घडी करून खिशात ठेवला. बाहेर मीनाक्षी पडद्याकडे बघत बसली होती.

"स्वतःची नोंद स्वतः मिटवायची नाही, हा आपलाच नियम आहे," ते तिला म्हणाले. "सोमवारी फॉर्म आणतो. तू भर."

"सर, काही घाई नाही."

"घाई आहे," ते म्हणाले.

सरोजिनी नगरच्या बाजारातून वाट काढत ते लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरवर पोचले तेव्हा कुमुदताई मटार सोलत बसल्या होत्या. परातीत हिरवे दाणे, मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर सालींचा ढीग. दिनकररावांनी बूट काढले, हातपाय धुतले, आणि चहा होईपर्यंत थांबावं असं ठरवूनही न थांबता कागद तिच्यासमोर धरला.

तिने हात पुसले आणि वाचलं.

"एकोणतीस," ती म्हणाली. "कार्डावर वय नसायचं. नुसतं नाव असायचं."

"तुला माहीत होतं म्हणजे."

"मला माहीत नसून कसं चालेल? सही माझी आहे ना."

दिनकरराव तिच्यासमोर मोड्यावर बसले. वेताचा तो मोडा कुरकुरला. या घरात श्यामचं नाव निघत नसे. कपाटात साड्यांखाली एक फोटो होता, आणि तो तिथे आहे हे तिघांनाही ठाऊक होतं, इतकंच. आता नाव कागदावर दोघांच्या मध्ये पडलं होतं.

"मला सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"तुम्हाला काय सांगायचं?" तिने आश्चर्याने वर पाहिलं. "तुम्ही मला सांगितलं होतंत का?"

"मी?"

कुमुदताईंनी परात बाजूला सरकवली.

"आज विषय निघालाच आहे तर बोलते. तुमच्या त्या पत्राची नक्कल मला सापडली होती. डबा काढायला पिशवीत हात घातला तर वरच होती. 'कुटुंबातील सदस्याचे नाव कमी करणेबाबत.' श्यामला जाऊन आठ दिवस झाले होते हो. आठ. माझ्या हाताला त्याच्या अंगाचा वास होता अजून, आणि तुम्ही ऑफिसात जाऊन टाईप करून आलात."

ते पत्र दिनकररावांना शब्दन्‌शब्द आठवत होतं. त्या दिवशी ते कामावर गेले कारण घरात बसवेना, आणि कामावर कुणी काम देईना. सगळे हळू आवाजात बोलत होते. तेव्हा त्यांनी टंकलेखन यंत्र ओढून घेतलं आणि समोर जे एकच काम दिसत होतं ते करून टाकलं. हे कुणालाही समजावता आलं नसतं, आणि त्यांनी तसा प्रयत्नही कधी केला नव्हता.

"मी ठरवलं होतं," ती पुढे म्हणाली, "या माणसाबरोबर राहायचं नाही. खरंच ठरवलं होतं. ताईला पुण्याला पत्रही लिहिलं होतं, टाकायचं तेवढं राहिलं होतं."

श्याम गेल्यानंतरचे चार महिने कुमुद त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. ते दुःख आहे असं त्यांनी धरून चाललं होतं. ती निघाली होती हे त्यांना आज कळत होतं.

"मग डिसेंबरात नवं कार्ड आलं. तेव्हा रजिस्टरवरून हाताने उतरवून द्यायचे, आठवतं ना? खिडकीतल्या बाईने कार्ड दिलं. त्यावर श्यामचं नाव. मी तिथेच बाकावर बसले. म्हटलं, यांना एका ठिकाणी काढावं लागलं. नियम असेल, साहेबाने सांगितलं असेल. पण दुसऱ्या ठिकाणी यांनी राहू दिलंय. मला न सांगता, गुपचूप. म्हणजे आतून माणूस तसा नाही. मी सही केली आणि घरी येऊन तुमच्यासाठी चहा टाकला."

तो चहा त्यांना आठवत होता. संध्याकाळी दार उघडताच ती म्हणाली होती, चहा घेणार का? आपण दारातच उभं राहून रडलो होतो हेही त्यांना आठवत होतं. वृंदा त्यानंतर दीड वर्षाने झाली.

"पुढे दर वेळी वाटायचं, या खेपेला काढतील. नाही काढलंत. मीही विषय काढला नाही. म्हटलं, त्यांनी जपलंय ते जपू द्यावं." मग तिने सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हीच राहू दिलं होतंत ना?"

खरं उत्तर एका वाक्यात मावणारं होतं. आस्थापना विभागाच्या पत्राची प्रत आरोग्य विभागाकडे जात नसे. हे वाक्य दिनकररावांनी दोन वर्षांत शंभर बैठकांत उच्चारलं होतं. एका कार्यालयाला जे कळतं ते दुसऱ्याला कळत नाही, यामुळे खात्याचं किती नुकसान झालं आहे, ते फळ्यावर आकृत्या काढून दाखवत. त्या न गेलेल्या एका प्रतीवर आपला सगळा संसार उभा आहे हे त्यांच्या कुठल्या आकृतीत नव्हतं.

त्यांनी कुमुदकडे पाहिलं. केस पांढरे झाले होते, नखांच्या कडा मटारने हिरव्या झाल्या होत्या. खोट्या नोंदीची त्यांना आयुष्यभर चीड होती.

"हो," ते म्हणाले.

कुमुदताईंनी मान हलवली. त्यांना दुसरं उत्तर अपेक्षितच नव्हतं.

"मग आता काढू या," ती म्हणाली. "फॉर्म आणलाय ना?"

तिने चारही कारणं वाचली. 'नोकरी'पाशी क्षणभर तिची नजर थांबली. मग तिने चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

"जे झालं तेच लिहा."

दिनकररावांनी तिथे खूण केली. पुढे तारखेचा रकाना होता. त्यांनी तारीख लिहिली आणि सही केली. तिने आपली गोलसर सही केली, शाई वाळायला कागद टीपॉयवर ठेवला, आणि उठून फोनपाशी गेली.

"कुणाला करतेस?"

"वृंदाला. तिला कळायला नको?"

"कशाला उगीच?" ते उठायला लागले. "बंगळूरला ती आत्ता ऑफिसातून येत असेल. नंतर करू."

"नाही, आत्ताच. पोरीला लहानपणापासून वाटतं की बाबा त्याला विसरले. माझ्यापाशी रडलीय ती. मलाच तुमचं गुपित फोडता येत नव्हतं." तिने नंबर फिरवला होता. "हां, वृंदा, ऐक. बस आधी. अगं, काही झालेलं नाही, अच्छी खबर आहे."

थांबवायचं तर कारण द्यावं लागलं असतं. दिनकरराव उभेच राहिले. कुमुदताईंनी सगळं सांगितलं, कार्ड, आठ सह्या, चोवीस वर्षं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात असा अभिमान होता, जो दिनकररावांना पदक मिळालं तेव्हाही त्यांनी ऐकला नव्हता. दुसऱ्याचं टपाल आपल्या पत्त्यावर यावं आणि ते उघडून वाचावं लागावं, तसं त्यांना झालं. मग तिने रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला.

"घ्या. तुमच्याशी बोलायचंय म्हणते."

त्यांनी तो कानाला लावला.

"बोल, बाळा," ते म्हणाले.

"बाबा," वृंदा म्हणाली. "मला कधी विचारायची हिंमतच झाली नाही हो. यार, मी इतकी वर्षं... बाबा, तो कसा होता?"

हा प्रश्न दिनकररावांना आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांच्या मांडीवर झोपलेल्या मुलाबद्दल सगळ्या जगाने त्यांच्यासमोर आवाज खाली केला होता, आणि मग विषयच बंद केला होता. त्यांनी पायाने मोडा जवळ ओढला आणि फोनशेजारी बसले.

"श्याम ना," ते म्हणाले. चोवीस वर्षांनी नाव तोंडून निघालं. "श्यामला बसचं फार वेड होतं. कुठलीही बस. नंबर सगळे पाठ. रविवारी आम्ही दोघं शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचो आणि त्याच बसने परत यायचो. तुझ्या आईला वाटायचं, भाजी आणायला गेलेत."

"भाजी नाही आणायचात म्हणूनच तर मला कळायचं," कुमुदताई म्हणाल्या आणि ऐकायला त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या.