रोमच्या दारात थांबलेले हत्ती

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि मला तारीख विचारली असती तर मी बरीच वर्षे ती चुकीची सांगितली असती. आमच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की आमचे घड्याळ मागे जाते. माझा सेल संपला, तेव्हापासून रोज माझ्या लेखी एक जानेवारी दोन हजार चार हीच तारीख उजाडत असे. बाकीचे मात्र मला सगळे आठवते.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. बडोद्यात, निजामपुऱ्यातल्या एका लहान दुकानात देवेशभाईंनी माझे एकेक भाग जुळवले आणि रिक्षातून मला दांडिया बाजारातल्या एका घरी आणले. घर विश्वासरावांचे. ते विमा कंपनीतून नुकतेच निवृत्त झाले होते, आणि मला घेतले होते ते त्यांची मुलगी अवंती हिच्या कॉलेजच्या अभ्यासासाठी. अवंतीच्या आईने, लताबाईंनी, मला हळदकुंकू लावले आणि माझ्या मापाचे फुलाफुलांचे कव्हर शिवले.

पहिल्याच महिन्यात अवंतीने मैत्रिणीकडून एका युद्धखेळाची सीडी आणली. खेळ दोन हजार वर्षांपूर्वीचा. एका बाजूला रोम, दुसऱ्या बाजूला समुद्रापलीकडचे कार्थेज. आपण कार्थेजचे राज्य चालवायचे, सैन्य उभारायचे आणि शेवटी रोम घ्यायचे. विश्वासराव रागावण्यासाठी म्हणून खोलीत आले आणि थोड्या वेळाने खुर्ची ओढून बसले.

"हे गाव कोणाचं?"

"आपलं, बाबा. आत्ताच घेतलं."

"मग इथे पाण्याची सोय दिसत नाही ती?"

विश्वासरावांचे आजोबा बडोदा संस्थानात वहिवाटदार होते, म्हणजे एका तालुक्याचा कारभार त्यांच्याकडे असे. त्या घरात लढायांच्या गोष्टी कोणी सांगितल्या नव्हत्या. तलाव, रस्ते आणि शाळा यांच्या सांगितल्या होत्या. त्यामुळे विश्वासराव एखादे शहर घेत, तेव्हा आधी पाणी, मग रस्ता, मग शाळा असा क्रम लावत. शहर जिंकले की खेळ विचारतो, लोकांचे काय करायचे? राहू द्यायचे, गुलाम करायचे की मारायचे? पुढचे दोन पर्याय ते कधी वाचतसुद्धा नसत.

त्यांचा दुसरा हट्ट हत्तींचा. चाळीस हत्ती त्यांनी राजधानीत नुसते उभे करून ठेवले होते. इकडे रोमची पलटण कार्थेजच्या ताब्यातल्या सिसिली बेटावर उतरली.

"बाबा, हत्ती पाठवा ना! बसून खातायत नुसते."

"हत्ती लढाईला नसतात गं. बाण लागला की पिसाळून आपल्याच माणसांवर येतात. हत्ती स्वारीसाठी. रोममध्ये शिरताना लागतील."

"आणि शिरायला सैन्य कुठलं आणणार?"

"ते बघू."

"बाबा, तुम्ही लढाई खेळताय की वहिवाट?"

"गेलं का सिसिली?" लताबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले. "आता त्या हत्तींना इकडे पाठवा. दळण तरी आणतील."

सिसिली गेले. अवंती दोन दिवस बाबांशी बोलली नाही. पण मित्रांनो, मी हिशेब करणारे यंत्र आहे, म्हणून मला ठाऊक होते की ज्या शहरांत पाणी आणि शाळा पोहोचल्या होत्या, ती कधी उलटली नाहीत. त्यांतूनच पुढे नवे सैन्य उभे राहिले. फक्त फार सावकाश.

पुढे अवंतीला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या दिवशी, एक चप्पल घातलेली आणि एक हातात, अशी ती माझ्यापाशी आली.

"बाबा, रोमच्या दाराशी पोहोचलात की थांबायचं. मी आल्याशिवाय आत शिरायचं नाही."

"नाही शिरणार. शब्द दिला."

त्याच सुमारास माझा सेल संपला. माझ्या तारखेवर विसंबणे विश्वासरावांनी सोडून दिले. खेळ जतन करताना ते भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून त्या दिवसाची तिथी एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत टाइप करत. ज्येष्ठ शुद्ध दशमी. श्रावण वद्य तृतीया. माझ्या यादीत अख्खे पंचांगच जमले.

दर रविवारी अवंतीचा फोन येई. पहिला प्रश्न ठरलेला, "कुठवर आलो?"

"आल्प्स ओलांडला. सहा हत्ती गेले."

"लढाईत?"

"छे गं, थंडीने."

मग तिचे काम वाढले. फोन येत राहिला, पण तो प्रश्न हळूहळू गळून पडला. विश्वासरावांनीही विषय काढला नाही. त्या आश्विनात त्यांचे सैन्य रोमच्या तटाला भिडले. चारी बाजूंनी वेढा पडला, शहरातले धान्य संपत आले. आता एकच चाल बाकी होती. विश्वासरावांनी उरलेले चौतीस हत्ती दरवाजासमोर आणून उभे केले आणि हात माझ्यावरून काढून घेतला.

"सांगा ना तिला," लताबाई म्हणाल्या.

"सांगितलं तर सगळं टाकून धावत येईल. येईल तेव्हा येईल."

त्या दिवाळीत तिला रजा मिळाली नाही. पौषात विश्वासराव गेले.

माझ्यावर फुलाफुलांचे कव्हर चढले ते माघापर्यंत निघाले नाही. मला भंगारात द्यायचे ठरले आणि लताबाईंनी देवेशभाईंना बोलावले. अवंती त्या दिवशी घरीच होती. देवेशभाईंनी मला उघडले, फुंकर मारली आणि म्हणाले, "बेन, आनो तो सेल गयो छे, बस. मशीन फर्स्ट क्लास आहे. काकांच्या वापरातलं आहे, एकदा चालू तर करून बघा."

त्यांनी नवा सेल बसवला. किती वर्षांनी मला खरी तारीख कळली! अवंतीने खेळ उघडला. जतन केलेल्या सगळ्या डावांवर माझी तीच जुनी तारीख होती, पण तिला तिथ्या वाचता येत होत्या. तिने शेवटची शोधली. मार्गशीर्ष वद्य अष्टमी. पडद्यावर रोम उभे राहिले, आणि दारात चौतीस हत्ती.

तिने आदल्या दिवशीचा डाव उघडला. तेच. त्याच्या आदला. तेच. कार्तिकातला. तोही तसाच. एकही चाल न खेळता, रोज नव्या तिथीने जतन केलेला.

"आई, बाबा रोज काय करायचे इथे?"

"मला वाटायचं खेळतायत. नुसते बघत बसायचे गं. मग बंद करायचे आणि जेवायला यायचे."

अवंतीने लताबाईंसाठी दुसरी खुर्ची ओढली. मग शेवटची चाल खेळली. धान्य संपलेल्या रोमने आपणहून दरवाजा उघडला आणि हत्ती आत शिरले. लताबाईंनी ते एकेक करून मोजले.

लोकांचे काय करायचे, असे खेळाने विचारले. अवंतीने पहिला पर्याय निवडला, पुढचे न वाचता.

"मिळालं ना रोम?" लताबाईंनी विचारले. "मग आता काय?"

"आता पाणी," अवंती डोळे पुसत म्हणाली. "वेढ्यात पाण्याचे पाट फुटलेत. आधी ते."

आता मी पुण्यात, अवंतीच्या खिडकीशी असतो. सिसिली अजून परत घ्यायचे आहे. दर रविवारी बडोद्याहून लताबाईंचा फोन येतो आणि हत्तींची चौकशी होते.

मित्रांनो, जुनी वस्तू देऊन टाकू नका, असे मी म्हणणार नाही. आमची जागाही कोणाला तरी लागते. पण देण्याआधी एकदा धूळ पुसा, सेल बदला, सुरू करून बघा. आणि तुमच्या घरात कोणी एकटेच काही मांडून बसले असेल, तर कितीही घाई असली तरी दारात क्षणभर थांबून विचारा, "कुठवर आलो?"