एका काचेवर दोन तुकडे

"ताई, ही भोकं मेंढीची नाहीत, तुमच्या हाताची आहेत," सूक्ष्मदर्शकावरून डोकं न उचलताच डॉक्टर म्हणाले.

प्रयोगशाळेत तिला सगळे पापुद्राताई म्हणत. मेलेल्या जनावराचा अवयव मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि ते रंगवून काचपट्टीवर डॉक्टरांपुढे ठेवायचे, हे काम ती एकतीस वर्षं करत होती. अहवालावर सही डॉक्टरांची. चूक निघाली की हात मात्र तिचा! बाई नाकासमोर चालणारी. तिने उलट उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

आज गप्प बसणं जड जात होतं. बाहेरच्या बाकावर मेंढपाळ सकाळपासून बसून होता. त्याच्या मेंढ्या महिनाभर अडखळत होत्या, उगीचच माना हलवत होत्या. एक मेली, तिचेच अवयव बरणीतून आले होते. मेंदूच्या पेशींत भोकं दिसली आणि डॉक्टरांनी संसर्गाचा रोग धरला. दुपारी आदेशावर सही झाली की उरलेल्या त्र्याऐंशी मेंढ्या मारायच्या होत्या.

"मेंदूतली भोकं खरी, मग मूत्रपिंडातलीच खोटी कशी?" तिने विचारलं.

"मूत्रपिंड कापायला सांगितलं कुणी?"

"बरणीत आलं होतं. आलेलं मी टाकून देत नाही."

"अहो, तो रोग मूत्रपिंडात भोकं पाडतच नाही. मेणात बसवताना घाई झाली असेल तुमची."

एरवी ती 'बरं' म्हणून गेली असती. आता तिचे कान तापले.

"काच जरा डावीकडे सरकवा."

डॉक्टरांनी सरकवली. तिथे दुसरा तुकडा होता, अगदी नितळ.

"हा कुठला?"

"निरोगी मेंढीचं मूत्रपिंड. दोन्ही तुकडे एकाच मेणात, एकाच पात्याखाली घेतलेत. मी नेहमीच घेते. माझा हात वाईट असता, तर दोन्हीकडे भोकं पडली असती."

डॉक्टरांनी काच तीनदा इकडून तिकडे केली. मग मेंढपाळाला आत बोलावलं.

"यंदा चारायला कुठे नेता?"

"पलीकडच्या उतारावर. सगळं वाळून गेलंय, तिथे तेवढं जांभळ्या फुलांचं झुडूप हिरवंगार आहे. मेंढ्यांना इतकं आवडतं, दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत." आणि जरा ताठ होत तो म्हणाला, "मीच शोधलं ते."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले.

"असं बघा, पेशी प्रथिनं बनवते, त्यांना साखरेच्या साखळ्या जोडते. त्या साखळ्या छाटायला, मोडायला पेशीत कात्र्या असतात म्हणा. अशा काही झाडांत साखरेसारखं दिसणारं एक विष, अल्कलॉइड, असतं. ते कात्रीच्या पात्यात जाऊन बसतं. मग न छाटलेला माल साचत जातो, पेशी फुगते. तीच ही भोकं. मेंदूत, मूत्रपिंडात, सगळीकडे."

मेंढपाळाला सगळं समजलं नाही. जे समजलं त्याने त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे मीच खाऊ घातलं?"

पापुद्राताईला त्याची फार दया आली.

"कात्री मोडलेली नाही ना, डॉक्टर?"

"नाही, अडकली आहे. झाड बंद केलं की विष काही दिवसांत निघून जातं. फार बिघडलेल्या सुधारणार नाहीत, पण बाकीच्या..." त्यांनी आदेशाचा कागद खणात टाकला. "हा तूर्त थांबवतो. आजच कळप खाली आणा. आणि त्या झुडपाची फांदी मला हवी, खात्री करून घेऊ." मग मेंढपाळादेखत ते म्हणाले, "ताई, चुकलो मी."

ती इतकी गोंधळली, की धुतलेल्या काचपट्ट्या पुन्हा धुवायला निघून गेली.

सहा आठवड्यांनी मेंढपाळ थेट तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला. बाहेरचं माणूस तिथवर कधी येत नसे.

"सत्त्याहत्तर सरळ चालतात, ताई. सहा अजून अडखळतात, पण खातात-पितात."

"अगं बाई! बरं झालं."

तो घुटमळला. "जिच्यामुळे कळलं, ती बघायला मिळेल?"

तिने काच लावली, दिवा पेटवला. त्याने टोपी काढली आणि एक डोळा मिटून वाकला.

"निळं-गुलाबी दिसतंय काहीतरी."

"तीच."

"सगळ्यांत पुढे चालायची ही," तो म्हणाला, आणि डोळा न हटवता तसाच वाकून राहिला.

कापायच्या मेणाच्या वड्यांचा ट्रे तिने बाजूला सारला आणि स्वतःचं स्टूल हळूच त्याच्या मागे सरकवलं.