अमिताची मेडिकल

शनिवारी सकाळी पांढुर्ण्याहून सौंसरला निघताना वच्छला आत्यानं अमिताला साडी नेसवली, तेव्हाच खरं तर तिला शंका यायला हवी होती.

"आत्या, मेडिकलले साडी काहून?"

"थ्या डॉक्टरले साधं राहनं आवडते," आत्या म्हणाली आणि केसांत गजरा माळला.

अमितानं मानलं, कारण डॉक्टर बाबांनी शोधला होता. संत्र्याच्या बागेतून आल्यावर रोज संध्याकाळी गुणवंताजी लेकीसोबत बसत. बारावीनंतर पायलट कसं व्हायचं, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. सगळे पैसे एकदम एका विमान-प्रशिक्षण संस्थेच्या घशात घालायचे नाहीत. आधी सरकारमान्य डॉक्टरकडे तपासणी, म्हणजे मेडिकल, मग लेखी पेपर, मग दोनशे तास उड्डाण, मग लायसन. "पयल्याच पायरीवर अटकली तं पुढची धावपळ वाचते," ही अक्कल बाबांचीच. तपासणी मंगळवारी, नागपूरला. त्याआधी सौंसरचे एक रिटायर मिलिटरी डॉक्टर सहज पाहून देणार होते.

बाबा, आत्या आणि ती सौंसरला पोचले, तेव्हा त्या घरात सोफ्यावर पाच जण बसले होते. तपासणीला डॉक्टरांचं बोर्ड असतं, हे तिनं वाचलं होतं. डोक्यावर पदर घेतलेली बाई बहुधा नेत्रतज्ज्ञ असावी.

"उंची?" मधले मोरेश्वरजी, तेच डॉक्टर असावेत, म्हणाले.

"एकशे साठ सेंटीमीटर, सर."

"चालून दाखव."

तोल तपासतात, हे माहीत असल्यानं ती टाचेला पाऊल लावत सरळ रेषेत चालली. मग पेपर वाचायला दिला. तिनं आधी डावा डोळा झाकून वाचला, मग उजवा.

"पोट्टी डोळे मारून राहिली काय?" नेत्रतज्ज्ञ कुजबुजली. "अन् रंग बी जरा..."

"रंग एकदम बरोबर आहे काकू. लाल, हिरवा, सगळे वळखते मी."

"सैपाक येते?"

इथं अमिता अडखळली. हे कुठल्याच यादीत नव्हतं. "वरण-भात येते," ती म्हणाली. विमान रानात उतरलं तर तेवढं पुरावं.

"पास!" मोरेश्वरजींनी मांडीवर थाप मारली. "ऋषिकेश, तुले काही विचाराचं हाये?"

सोफ्याच्या टोकाला बसलेल्या ज्या तरुणाला ती कंपाउंडर समजत होती, तो लाजला. नेत्रतज्ज्ञ उठली आणि तिनं अमिताच्या पदरात नारळ घातला.

नारळ कुठल्याच मेडिकलमध्ये नसतो.

"बाबा?"

गुणवंताजी बशीतल्या चिवड्याकडे पाहत होते.

"मंगळवारची तारीख?"

"थे कॅन्सल केली मी. बुधवारीच. लग्नानंतर बी शिकता येते बाई, हे लोक हो म्हनून राहिले. आपन सगळ्याइले विचारलं."

सगळ्यांमध्ये ती सोडून सगळे होते.

मुलीची वाट अडवणारा बाप आपल्याकडे लांबूनच ओळखू येतो. त्याच्याशी भांडता येतं, रुसता येतं. हा बाप मात्र लेकीसोबत वाट आखत बसला होता. बुधवारी तारीख रद्द केल्यावर गुरुवारी संध्याकाळीही बसला होता. पुढच्या पेपरांची नावं तिच्याकडून पाठ करून घेत होता. अमिताला लग्नापेक्षा तो गुरुवार जास्त लागला.

तिनं नारळ टीपॉयवर ठेवला.

"नापास लिहा काकाजी," ती मोरेश्वरजींना म्हणाली. "माहे डोळे खराब हायेत. समोर बसलेला बाप मले दिसला नाही."

"अवो, लोकाइच्या घरी काय बोलून राहिली!" आत्या किंचाळली.

अमितानं तिथंच उभ्या उभ्या नागपूरला फोन लावला. "मॅडम, माझी मंगळवारची तारीख बाबांनी रद्द केली. मला ती परत पाहिजे."

"वय?" पलीकडचा आवाज अख्ख्या बैठकीला ऐकू येत होता.

"अठरा पूर्ण."

"सकाळी नऊला या. सोबत कोण येणार?"

सवयीनं गुणवंताजी उठून उभे राहिले. हात खिशातल्या गाडीच्या किल्लीकडे गेला.

"कोणी नाही," अमिता म्हणाली.

ते उभेच राहिले. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.